बावीचं पाणी खाडीपलीकडे

सन २००३. मला एकाहत्तरावं चालू होतं. त्या वयात माणूस घरातून निघाला तर तीर्थाला निघतो. मी दारूच्या दोन रिकाम्या बाटल्यांत आमच्या बावीचं पाणी भरून गोव्याला निघालो. परत आल्यावर वाडीत चार जणांनी ही गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली आणि चौघेही घरीच होते. गेलो होतो मी, म्हणून मीच लिहितो. शिक्षण मराठी चौथी. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी मी लिहिणारच.

मिठबाव

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. माझी बाव मी स्वतः खणली आहे. वडील, मी आणि एक गडी, अशा तिघांनी दोन उन्हाळे जांभा फोडला. समुद्र हाकेवर, गावाच्या नावातच मीठ, आणि माझ्या बावीला शहाळ्यासारखं पाणी. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, लोक समुद्रात जाताना माझ्याकडून भरून नेतात. या पाण्याला कोणी नाव ठेवलेलं मला खपत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

मुलगा दत्ता होडीवर जातो. त्याची बायको सुगंधा, आरोंद्याची. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. तिसऱ्या खेपेला ती कणकवलीच्या डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी औषध दिलं आणि मग विचारलं, पाणी कुठलं पिता, त्याच्या वरच्या अंगाला काय आहे?

वरच्या अंगाला सडा आहे, म्हणजे कातळाचं माळरान, आणि सड्यावर हापूसची कलमं. बाहेरच्या एका माणसाने ती मक्त्याने घेतली आहेत. पावसात मुळाशी औषध ओततात, म्हणजे झाड दरवर्षी धरतं. मोहोर आला की फवारणी. उताराचं पाणी माझ्या बावीकडे येतं, ते मला कोणी सांगायला नको. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही औषधं विषासारखी सरळ मारत नाहीत. आपल्या शरीरात आतल्या आत हुकूम चालतात, त्यांना हार्मोन म्हणतात, त्या हुकुमांत ही औषधं आपला खोटा हुकूम घालतात. चव नाही, वास नाही, रंग नाही. तुमच्या पाण्यात असेलच असं नाही, पण तपासून घ्या. तोवर दुसरीकडचं प्या.

मी ते माझ्या परीने समजून घेतलं. रापणीत किनाऱ्यावरचा जाणता माणूस फडकं हलवतो आणि त्या इशाऱ्यावर होडी जाळं सोडते. दुसऱ्याच कोणी मध्ये उभं राहून फडकं हलवलं तर होडीवाल्याची चूक नाही, जाळ्याचीही नाही, पण मासळी गेली ती गेली. समजलं. पटलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सुगंधाने बाबलच्या बावीवरून कळशी भरून आणली. बाबल आमचा शेजारी, मधे एक कुणगा शेत. त्याची बाव वाळूला लागून, पाणी मचूळ. हद्दीच्या दगडावरून आमचं बोलणं तुटून बरीच वर्षं झालेली. मी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहून, त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मी जितो आसय तवसर ह्या घरात दुसऱ्याच्या बावीचा पाणी येवचा नाय."

तिने कळशी माडाच्या मुळात ओतली. भांडली नाही. पुढच्या गाडीने माहेरी गेली. दत्ता दोनदा आणायला गेला आणि दोनदा एकटाच परत आला.

मग मी उठलो. खरं सांगायचं तर मला पाणी तपासायचं नव्हतं. पाणी चांगलं आहे असं कोणा शिकलेल्याच्या सहीने हवं होतं, म्हणजे सुनेच्या पुढ्यात ठेवता येईल. गोव्यात पाण्यातलं असलं काही शोधणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना डॉक्टरबाईंनी फोन करून ठेवला. निरोप आला, की काचेच्या बाटलीत न्या, प्लास्टिकचा कॅन नको, प्लास्टिकसुद्धा पाण्यात काहीबाही सोडतं. आणि बाटली घट्ट बंद करा.

घट्ट बंद कसं करायचं हे मला शिकवायला नको. चाळीस वर्षं होडीच्या फटी मी बुजवल्या आहेत. बुचाला कापूस गुंडाळला, राळ तेलात उकळून वर ओतली आणि पकड यावी म्हणून राळेत होडीचा तांबडा रंग कालवला. ट्रॉलरवाल्याकडून आणलेला रंग, असा जालीम की त्यावर शिंपला बसत नाही. दोन्ही बाटल्या उलट्या टांगून ठेवल्या. थेंब नाही.

बावीचं पाणी शिवेबाहेर न्यायचं म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं. काठावर नारळ ठेवला. "बा म्हाराजा, तुझा पाणी खाडीपलीकडे नेतंय. जा खरा आसा ता दिसांदे, आणि माझी सून घराक येवंदे." दत्ता मागून म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याचा आवाज माझ्यापेक्षा थकलेला होता.

सावंतवाडी

एसटीचं काय लिहायचं. बाटल्या मांडीवर होत्या आणि कंबर माझी राहिली नव्हती. प्यायला माझा फिरकीच्या झाकणाचा तांब्या होता, त्यात घरचंच पाणी. बाहेरचं पाणी मी पीत नाही.

सावंतवाडीला गाडी बदलायची होती. तळ्याकाठी बसलो, मग पाय मोकळे करायला लाकडी खेळण्यांच्या दुकानांकडे गेलो. आमच्या किनाऱ्यावर लाकूड म्हणजे होडी, वल्हं आणि शेवटी सरण. इथे त्याचे आंबे, केळी, फणस करतात, आणि असे रंगवतात की माशी फसावी. एक भोवरा हातात घेतला. गुळगुळीत, तांबडा.

दुकानदार म्हणाला, "लाखेचो रंग तो, आजोबांनू. पोरान तोंडात घातल्यान तरी भियाची गरज नाय. नातवाक घेवा."

"नातू अजून येवचो आसा."

"येतलो म्हणान घेवा."

"आमच्या बंदरपट्टीत आधी काय घेणत नाय."

"मगे नुसतो बघा. बघूक पैसे पडनत नाय."

बघितला बराच वेळ. मग त्याच्या हातात दिला आणि गाडी धरली. पहिल्या खेपेला घरात पाळण्याची दोरी आणून ठेवलेली होती. ती अजून माळ्यावर आहे.

आरोंदा

आरोंदा खाडीवरचं गाव. आमचा समुद्र सारखा अंगावर येतो, इथलं पाणी बसून असतं. माणसंही तशीच. माझे व्याही दारात येऊन म्हणाले, "येवा, येवा. बाटले घेऊन इलास? आमका कळवचा तरी, आम्ही भाजान मासो ठेवलो असतो."

"पाणी आसा तेच्यात."

"म्हायत आसा. दत्तान सांगल्यान."

सुगंधा आतून पाया पडायला आली. दिवस गेल्याला चार महिने झाले असतील. चेहरा भरला होता. मला बरं वाटलं आणि त्याच वेळी लागलंही, की हा चेहरा माझ्या घरात भरला नाही.

जेवायला तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. आमच्यापेक्षा खोबरं सैल हाताने घालतात, आणि तिखटाला हात आखडता. बरं होतं. जेवताना तांब्याची फिरकी काढली तर तांब्या रिकामा. गाडीत उकाड्याने सगळं पिऊन टाकलं होतं. सुगंधाने पेला भरून पुढे ठेवला.

एक घोट घेतला. "मचूळ आसा," मी म्हटलं.

"खाडीचा गाव," व्याही म्हणाले.

सुगंधा म्हणाली, "माका गोड लागता."

मी पेला खाली ठेवला. "माझ्या बावीच्या पाण्याक लोक शिवेभायरून येतत. आणि तुका ह्या गोड लागता?"

"मामांनू, मी कधी म्हटलंय तुमची बाव खोटी म्हणान? मशीन काय सांगतला ता सांगांदे. माका इतक्याच व्हया, की दुसरीकडचा पाणी हाडलंय तर कोणी खळ्यात उभो रवान वाडयेक ऐकवूक नको. दोन गेली माजी. तिसऱ्याक मी भितंय. भिवक तरी माका दिया."

व्याही खाली मान घालून भात कालवत राहिले. मी म्हटलं, "सही शिक्क्याचो कागद येवंदे. मगे बोलया."

ती म्हणाली, "बरा." आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मला नको होता. खाल्ला.

खाडीपलीकडे

सकाळी होडीने खाडी ओलांडली. त्या काठाला गोवा. उतरल्या उतरल्या पोलिसाने पिशवी उघडायला लावली आणि दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या.

"कितें हें?"

"पाणी."

"ह्या बाटलेंत? पाणी?" त्याने दुसऱ्याला हाक मारली. "आयक रे! सगळे हांगाच्यान भरून व्हरतात, हो म्हातारो थंयच्यान भरून हाडटा!"

दोघे पोट धरून हसले. मग पहिला म्हणाला, उघडून दाखव. मी म्हटलं, ते होणार नाही. उघडली तर माझी खेप फुकट. हवं तर मला आत बसवा, बाटली उघडणार नाही. त्याने बुचाला नाक लावलं.

"रंगाचो वास येता."

"होडीचो रंग. म्हणान थेंब भायर येणा नाय," मी ताठ मानेने सांगितलं.

"वच, बाबा, वच," तो म्हणाला आणि मला सोडलं.

गोव्यात आमच्याच सारखी माणसं, आमच्याच सारखी मासळी, पण घरांना रंग फार. भिंती निळ्या, पिवळ्या, खिडक्या तांबड्या. विचारत विचारत, दोन गाड्या बदलून त्या बाईंच्या प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा पायांत गोळे आले होते. शिपायाने बाकावर बसवलं. बाई लगेच आल्या, वयाने माझ्या मुलीसारख्या, डोळ्यांवर चष्मा. चहा मागवला. मी बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, उलट्या टांगून पाहिल्या आहेत.

त्यांनी एक उचलली आणि काचेतून आत बघितलं. मान बाजूला केली, पुन्हा बघितलं. गळ्याला आतल्या बाजूने तांबडा ओघळ होता. उन्हात राळ मऊ होऊन कापसातून आत गेली होती. मी सकाळपासून बाटली मांडीवर धरली होती, पण काचेतून आत कधी बघितलं नव्हतं.

"आजोबा, हे काय लावलंत?"

सांगितलं. राळ, तेल, रंग. अभिमानाने सांगायला लागलो आणि शेवटच्या शब्दाला आवाज खाली आला.

त्या म्हणाल्या, "मी यात जे शोधणार ते अख्ख्या खाडीत चिमूटभर मीठ शोधावं इतकं थोडं असतं. तुम्ही वर पोतं ओतलंत. आता मला फक्त तुमचा रंग सापडेल."

"वरचा थर काढून टाका. खालचं पाणी चांगलं आहे."

"नाही हो."

"मी लांबून आलोय."

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

मग त्यांनी मला आत नेलं आणि काचेच्या भांड्यातले शंख दाखवले. लहान, काळसर, बंदराच्या दगडांना चिकटतात ते. आम्ही पोरपणी उकडून टाचणीने काढून खात असू. त्यांनी एक भिंगाखाली धरला. "ही मादी आहे. बघा, हिला नराचं अंग फुटलंय. अंडी बाहेर यायची वाटच बुजते. होडीला शिंपले बसू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यातल्या काहींनी हे होतं. त्याचं काम शिंपला लांब ठेवायचं, पण तो तेवढ्यावर थांबत नाही."

मी भिंगातून बघत राहिलो. आमच्या जेटीवर हे शंख हल्ली दिसत नाहीत. मला वाटत होतं, पोरं वेचून नेतात.

"हाच तो खोटा हुकूम?" मी विचारलं.

"हाच. शंखांतला. माणसात काय होतं ते इतकं सरळ सांगता येत नाही."

मग त्यांनी सहज विचारलं, "पावसात होडी कुठे ठेवता?"

"मांगरात. बावीच्या बाजूला छप्पर आहे ते."

"रंगही तिथेच काढता?"

"तिथेच खरवडतो, तिथेच लावतो. पाणी जवळ पडतं."

त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. घरून निघालो तेव्हा माझं बोट सड्यावरच्या कलमांकडे होतं. ते तिथून मी काढलेलं नाही, अजूनही नाही. पण दुसरं बोट कुठे ठेवावं ते कळेना.

त्यांनी मला तपकिरी काचेच्या नव्या बाटल्या दिल्या. धुऊन, सुकवून, तोंडाला चंदेरी कागद लावून. भरायच्या, तोच कागद, तेच झाकण, बस. थंड ठेवायच्या. "आणि आजोबा, राळ नको. कसलीही हुशारी नको."

उठताना मी विचारलं, "निकाल आला म्हणजे कळेल ना, मुलं कशाने गेली?"

त्यांनी चष्मा काढला. "पाण्यात काय आहे ते मी सांगेन. मुलं कशाने गेली ते पाणी सांगणार नाही. आणि निकालाला वेळ लागेल. पाऊस लागेल तोवर."

असं सरळ सांगणारं माणूस मला आवडतं. पण त्या दिवशी कोणी थोडं खोटं बोललं असतं तरी चाललं असतं.

परत

आरोंद्याला उतरलो तेव्हा सुगंधा ओटीवर वाल सोलत होती.

"काय झाला, मामांनू?"

"बाटले फुकट गेले."

"फुटले?"

"फुटतले कित्याक? राळेत होडीचो तांबडो रंग घातलेलंय. तोच पाण्यात उतारलो."

ती बघत राहिली. मग पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावेना. "होडीचो रंग! बाटलेक! मामांनू, मगे नांगर तरी कित्याक बांधलास नाय?"

आतून व्याही हसले. माझ्या घरात माझ्यावर हसायची कोणाची छाती नाही. राग यायला हवा होता. अंगात तेवढं त्राणच नव्हतं. आणि ती हसली होती. आमच्या घरात तिचा तो आवाज मी शेवटचा कधी ऐकला, आठवेना.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "परत बाटले नेतलास?"

"नेतलंय."

"कागद कधी येतलो?"

"पाऊस लागासर."

तिने सोललेले वाल सुपात सारखे केले. "कागद येयसर माका तान लागाची नाय काय, मामांनू?"

मी पिशवी उचलली. व्याही राहा म्हणाले, राहिलो नाही. निघताना तिने माझा फिरकीचा तांब्या त्यांच्या पाण्याने भरून हातात दिला. गाडीत तेच पीत आलो. मचूळ तर होतंच. पण तहान भागली.

घरी पोचलो तेव्हा दत्ताने माझ्या हातातल्या तपकिरी बाटल्या घेऊन फळीवर ठेवल्या. मी हात-पाय धुतले आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सुगंधाची तांब्याची कळशी घेतली, चिंचेने घासली आणि शेताच्या मेरेवरून बाबलच्या बावीवर गेलो. आमची ही गेल्यापासून मी कळशी उचलली नव्हती. बाबल काठावर मशेरी लावत बसला होता. मला बघून बोट तोंडातच राहिलं.

"काय रे, बाव आटली तुजी?"

"नाय."

"मगे?"

"पाणी व्हया."

तो थुंकला, उठला आणि दोर हातात घेतला. "रव, मी ओढतंय."

"माका ओढूक येता."

त्याने दोर दिला. वाडीच्या बायका शेतापलीकडे उभ्या राहून बघत होत्या. बघू देत. भरलेली कळशी खांद्यावर घेतली, मेरेवर दोनदा पाय घसरला, निम्मा सदरा भिजला. घरी आणून चुलीकडे, सुगंधा ठेवायची त्याच जागी ठेवली, वर ताटली झाकली. मग पेलाभर काढून प्यालो आणि दत्ताला उठवलं.

"आरोंद्याक फोन कर. सांग, कळशी भरलेली आसा."